विद्यापीठाचे गेट पाहून परतू नका!
पेडगावहून नागसेनवनात : मुलाबाळांसह दोन दिवसांची सहल

परीक्षा संपल्या, सुटी लागली की मुले आईच्या मागे लागतात, 'यंदा कुठे न्यायचे?' आपल्या कष्टकरी घरात या प्रश्नाचे उत्तर बहुधा ठरलेले असते. मामाच्या गावाला. फार तर एखादे लग्न. सहल हा पैसेवाल्यांचा शौक, आपल्याला दोन दिवसांची मजुरी बुडवून चालत नाही, असे आपण मुलांना आणि स्वतःलाही सांगतो. आपली बहुतेक माणसे औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जातात ती १४ जानेवारीला. विद्यापीठाच्या गेटसमोर हात जोडतात, पुस्तकांच्या स्टॉलवरून एखादे पुस्तक आणि बाबासाहेबांचा फोटो घेतात आणि रात्रीच्या गाडीने परततात.

हे जाणे मोलाचेच आहे. पण ते अर्धे आहे. गेट हे आत जाण्यासाठी असते. ज्या गेटवरच्या नावासाठी माणसे जळाली, त्याच्या आत काय आहे हे आपल्या मुलांनी पाहिले नाही तर त्यांना त्या नावाचा अर्थ कसा कळणार? म्हणून हा लेख. परभणी-मनमाड मार्गावरील पेडगावसारख्या लहान स्टेशनावरच्या कुटुंबाने हे विद्यापीठाचे गाव कसे पाहावे, काय पाहावे आणि मुलांना काय सांगावे, याचा हा आराखडा.

पाहायला जाण्याचा हक्क

साल १९३४. बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. रमजानचा महिना होता. प्रवासाने सगळ्यांची तोंडे धुळीने माखलेली. किल्ल्याच्या दारापाशी पाण्याचा छोटा हौद होता. काही जणांनी तिथे हातपाय धुतले. इतक्यात एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, 'हौद बाटवला!' पाहता पाहता माणसे जमली. मोठी हुज्जत झाली. शेवटी या मंडळींना किल्ल्यात सोडले, पण आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे.

ते तेव्हा बॅरिस्टर होते, परदेशच्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेले होते, गोलमेज परिषदेत बोलून आलेले होते. तरी एका किल्ल्यातला हौद त्यांना बंद होता. शिपायाच्या पहाऱ्यात ज्यांनी किल्ला पाहिला, त्यांची मुले-नातवंडे आज तिकीट काढून ताठ मानेने तोच किल्ला पाहतात. तेव्हा सहल म्हणजे चैन, असे आपल्या घरात कोणी म्हणू नये. पाहायला जाणे हा आपण मिळवलेला हक्क आहे.

नागसेनवन : प्रश्न विचारण्याची जागा

दौलताबादच्या प्रसंगाला सोळा वर्षे झाली आणि त्याच जिल्ह्यात बाबासाहेबांनी कॉलेज काढले. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे. गरिबाच्या पोराला ते कुठून परवडणार? बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली होती. या संस्थेचे मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज १९४६ साली सुरू झाले आणि १९५० च्या जूनमध्ये औरंगाबादच्या कॉलेजचे वर्ग भरू लागले. इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसवण्यात आली. म. भि. चिटणीस हे पहिले प्राचार्य.

कॉलेजला नाव दिले मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन. मुलांना हे जरूर समजावून सांगा. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा. वादविवादात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याची गाठ पडली भिक्खू नागसेनाशी. नागसेनाने विचारले, 'महाराज, आपण कशात बसून आलात?' राजा म्हणाला, 'रथात.' मग चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी 'नाही' म्हणत गेला. शेवटी त्याला उमगले की हे सगळे जोडले जाते तेव्हाच आपण त्याला रथ म्हणतो, आणि माणसाच्या 'मी'चेही तसेच आहे. राजाने हार मोकळ्या मनाने कबूल केली. आपल्या कॉलेजात शिकणाऱ्याच्या अंगी हा बौद्धिक प्रामाणिकपणा यावा, म्हणून बाबासाहेबांनी हे नाव निवडले. देवाचे नाव नाही, देणगीदाराचे नाव नाही. प्रश्न विचारणाऱ्याचे आणि उत्तर देणाऱ्याचे नाव!

आज नागसेनवनात कला, विज्ञान, वाणिज्य, विधी अशी कॉलेजे आहेत, शाळा आहे, वसतिगृहे आहेत. याच मातीतून दलित साहित्याचे पीक वर आले. 'अस्मितादर्श' चालवणारे डॉ. गंगाधर पानतावणे मिलिंदमध्ये शिकवत होते. इथल्या झाडांखाली थोडा वेळ बसा. शिदोरी सोडा. समोरून पुस्तके घेऊन जाणारी मुले-मुली पाहू द्या आपल्या लेकरांना. त्यांत वीटभट्टीवरची, ऊसतोडीवरची, गिरणीतल्या कामगाराची किती मुले येऊन गेली असतील, याचा विचार करा.

गेटच्या आत

नागसेनवनातून त्याच रस्त्याने पुढे गेले की विद्यापीठाचे गेट. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले २३ ऑगस्ट १९५८ रोजी. उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी मंजूर केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड, परभणी या आपल्याच जिल्ह्यांत वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची ४ ऑगस्ट १९७८ रोजी हत्या झाली. १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी २५ नोव्हेंबर १९९३ रोजी स्वतःला जाळून घेतले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव लागले. ठराव ते पाटी, यात साडेपंधरा वर्षे गेली.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे दिवस आठवतात. त्यांना गेटसमोर बोलते करा. त्यांनी सांगितलेले मूल जन्मभर विसरत नाही.

मग विचारपूस करून आत चला. सातशे एकरांहून मोठा परिसर आहे. आत बाबासाहेबांचा पुतळा आहे, मुख्य इमारत आहे, ग्रंथालय आहे. पाली आणि बौद्ध धम्माचा विभाग आहे. ज्या पाली भाषेत आपण त्रिसरण-पंचशील म्हणतो, तिचा पदव्युत्तर अभ्यास इथे करता येतो, हे किती आयांना माहीत आहे? इतिहास विभागाचे वस्तुसंग्रहालय आहे. गरीब विद्यार्थ्यांसाठी 'कमवा आणि शिका' योजना आहे. कॉलेजात शिकणारा मुलगा किंवा मुलगी सोबत असेल तर विभागात जाऊन प्रवेश कधी निघतात, कागदपत्रे कोणती, शिष्यवृत्ती कशी, हे त्याच्याच तोंडून विचारायला लावा. परभणी जिल्ह्यातील कॉलेजे १९९४ पासून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे आहेत, हे खरे. पण पदवीनंतर या गेटमधून आत येण्याची वाट त्यामुळे बंद झालेली नाही.

परिसराला लागूनच सोनेरी महाल आहे. औरंगजेबाबरोबर दक्षिणेत आलेल्या एका बुंदेला सरदाराने सतराव्या शतकात तो बांधला. सोनेरी रंगकामावरून हे नाव पडले. आता तिथे सरकारी वस्तुसंग्रहालय आहे.

डोंगरातले जुने विद्यापीठ

सोनेरी महालामागच्या डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. अजिंठा-वेरूळच्या गाजावाजात ही झाकली गेली. एकूण बारा लेणी. चौथे लेणे चैत्यगृह आहे आणि सर्वांत जुने. आत स्तूप आहे. बाकीची बहुतेक सहाव्या-सातव्या शतकातली. तिसऱ्या लेण्यात गाभाऱ्यातल्या बुद्धमूर्तीसमोर दोन्ही बाजूंना स्त्री-पुरुष उपासकांचे पुतळे गुडघे टेकून बसलेले आहेत. माणसाएवढे मोठे, जणू आताच धम्मदेशना ऐकायला आले आहेत. राजा नाही, देव नाही. आपल्यासारखी घरची माणसे! बायकांच्या केसांच्या बांधणी पाहा, आपल्या आयाबायांना त्यात फार गंमत वाटेल.

सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराच्या भोवती आठ संकटे कोरली आहेत. आग, तलवार, बेड्या, बुडणारे जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू. दूरदेशी व्यापार करणाऱ्या माणसाला ज्याची भीती वाटे, ते सारे इथे आहे. नवसाचे दैवत म्हणून हे मुलांना दाखवू नका. त्या काळच्या माणसाचा जीव कशाने घाबरत होता, त्याचे हे चित्र आहे, असे सांगा. याच लेण्यात नाचणारी स्त्री आणि तिच्याभोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत. हे शिल्प पाहिल्याशिवाय उतरू नका.

विहारात भिक्खू राहत, शिकत, शिकवत. नालंदाही अशाच विहारांतून वाढले आणि चीनचा ह्युएनत्संग तिथे शिकायला आला. तेव्हा विद्यापीठ पाहायला जाणे ही आपल्या परंपरेत नवी गोष्ट नव्हे. वरती डोंगरात जुना विहार आणि खाली पायथ्याशी बाबासाहेबांच्या नावाचे विद्यापीठ. दोन्ही एका दिवसात पाहता येतात, अशा जागा भारतात किती असतील?

जगातही असेच आहे

विद्यापीठ हे काय पाहायचे, असे कोणी म्हणेल. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया देश आहे. तिथल्या सुक्रे शहरात १६२४ साली स्थापन झालेले विद्यापीठ आहे. १८०९ मध्ये त्या शहरात स्पेनच्या सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि तिथे शिकलेले वकील त्यात पुढे होते. १८२५ मध्ये देशाच्या स्वातंत्र्याची घोषणाही त्याच शहरात झाली. आज ते जागतिक वारशाचे शहर आहे. लोक दुरून येतात आणि जिथे विचार पेटला ती जागा पाहतात. आपल्याकडे तशी जागा एका रात्रीच्या अंतरावर आहे, आणि आपण तिच्या दारातून परततो!

गावातले आणखी काही

हे शहर मूळचे खडकी. १६१० साली मलिक अंबरने ते वसवले. मलिक अंबर हा आफ्रिकेतून आणलेला गुलाम. बाजारात विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला आणि त्याने नहर बांधून साऱ्या शहराला पाणी पाजले. त्याने बांधलेल्या भडकल गेटजवळ आज बाबासाहेबांचा पुतळा उभा आहे. गुलामाने उभारलेली कमान आणि गुलामी मोडणारा महामानव, असा हा योग! वेळ असेल तर पाणचक्की आणि बीबी का मकबराही पाहा. मकबरा औरंगजेबाच्या मुलाने आपल्या आईसाठी बांधला.

कसे जावे?

पेडगावला मोठ्या गाड्या थांबत नाहीत, म्हणून परभणीहून बसणे सोयीचे. मराठवाडा एक्सप्रेस, तपोवन अशा गाड्या आहेत. परभणीपासून अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. स्टेशनवरून शहर बस किंवा रिक्षाने नागसेनवन गाठावे.

पहिला दिवस नागसेनवन, विद्यापीठ आणि सोनेरी महाल. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढण्याआधी लेणी, दुपारी मकबरा, पाणचक्की, भडकल गेट आणि मग परतीची गाडी. विद्यापीठाचे विभाग रविवारी बंद असतात, म्हणून कामाचा दिवस धरावा. लेण्यांचे दोन मुख्य गट एकमेकांपासून दूर आहेत आणि पायऱ्या उभ्या आहेत. म्हाताऱ्यांना जमेल तेवढेच चढू द्यावे. पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांत आणि मकबऱ्यात पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. पाणी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्यावी. भिंतींवर नावे कोरू नयेत आणि दुसऱ्यालाही कोरू देऊ नयेत. तो आपलाच ठेवा आहे.

आणि एक काम मुलांकडून करून घ्या. घरी आल्यावर प्रत्येकाने वहीत एक पान लिहावे : मी काय पाहिले आणि मला कोणता प्रश्न पडला. उत्तर आले नाही तरी चालेल. मिलिंद राजाही प्रश्न घेऊनच आला होता.

१४ जानेवारीला जरूर जा, अभिवादन करा. पण वर्षातून एकदा, गर्दी नसताना, लेकीचा आणि लेकाचा हात धरून त्या गेटच्या आतही जा. ज्यांनी जीव दिला, त्यांनी तो आपली मुले तिथे शिकावीत म्हणून दिला.

जय भीम!