समुद्राचे नकाशे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

समुद्राचे तापमान, लाटांची उंची, प्रवाह आणि किनाऱ्याची धूप यांच्या नोंदी नकाशावर मांडून त्या किनाऱ्यावरच्या वस्त्यांपर्यंत पोचवण्याचे काम भारतात मुख्यतः हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे ‘इन्कॉइस’, करते. १९९९ साली स्थापन झालेल्या या केंद्राच्या कामाबद्दल बरेच गैरसमज आहेत.

त्यांतला सर्वांत घट्ट गैरसमज असा, की हा विषय फक्त कोळीवाड्यांचा. मध्य प्रदेशातल्या, वैनगंगेकाठच्या बालाघाटचा त्याच्याशी काय संबंध? वास्तविक बालाघाटच्या पावसातला मोठा वाटा बंगालच्या उपसागरावर तयार होऊन ओडिशा-छत्तीसगडवरून पुढे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांचा असतो. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस अशाच क्षेत्रामुळे मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, संजय सरोवर या धरणातून पाणी सोडावे लागले आणि वैनगंगेचा पूर भंडारा, गडचिरोलीपर्यंत पसरला. उपसागराच्या पाण्यात किती उष्णता साठली आहे, हे ‘आर्गो’ तरंड्यांवरून कळते. हे तरंडे दोन हजार मीटर खोल जातात, वर येताना तापमान व क्षारता मोजतात आणि साधारण दर दहा दिवसांनी ही नोंद उपग्रहामार्फत पाठवतात. हवामानाचा अंदाज बांधणाऱ्या संगणकीय प्रारूपांना ही माहिती लागते. मात्र कोणत्या गावात पाणी शिरेल हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी नदीची पातळी आणि धरणाचा विसर्गच पाहावा लागतो.

उपग्रहाला मासे दिसतात, ही समजूतही चुकीची आहे. उपग्रह पाहतो पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्याचा रंग. रंगावरून हरितद्रव्याचा, म्हणजे सूक्ष्म वनस्पतींचा अंदाज येतो. थंड आणि उबदार पाणी जिथे एकमेकांना भिडते तिथे हे खाद्य एकवटते आणि त्यामागे मासळी येण्याची शक्यता वाढते. म्हणून इन्कॉइस मच्छीमारांना पाठवते त्या संदेशात बंदराचे नाव, तिथून दिशा, अंतर आणि पाण्याची खोली दिलेली असते. जाळे भरेलच अशी हमी नसते. आकाश ढगाळ असेल तर उपग्रहाला ही चिन्हेच नीट दिसत नाहीत. तरीही हा सल्ला मोलाचा आहे, कारण मासळी शोधत फिरण्यात जाणारे डिझेल त्याने वाचते.

किनाऱ्याच्या असुरक्षिततेचे नकाशे पाहून आपले घर बुडणार की नाही हे शोधणारे लोक आढळतात. इन्कॉइसचे हे नकाशे १:१,००,००० प्रमाणावर आहेत, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर एक किलोमीटर होतो. शंभर मीटर रुंदीची अख्खी वाडी त्यात एका मिलिमीटरात मावते. उंची, उतार, भूरूप, लाटा, भरतीचा पल्ला, समुद्रपातळीतील बदल आणि किनारा सरकण्याचा वेग या सात गोष्टींवरून धोक्याचे पट्टे ठरतात. बांध किंवा निवारा कोणत्या पट्ट्यात आधी हवा हे ठरवण्यास ते उपयोगी आहेत. एकेका घराचा निवाडा त्यांच्यावरून करणे अन्यायाचे ठरेल.

सगळा किनारा खचत चालला आहे, हेही खरे नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने मुख्य भूमीच्या किनाऱ्याचा १९९० ते २०१८ या काळाचा अभ्यास केला. त्यात सुमारे ३४ टक्के किनारा धूप होणारा, २७ टक्के भर पडणारा आणि उरलेला स्थिर आढळला.

शेवटचा गैरसमज जिवावर बेतू शकतो: इशारा जाहीर झाला म्हणजे तो सर्वांपर्यंत पोचला. किनाऱ्यापासून १०-१२ किलोमीटरपलीकडे मोबाइल सहसा चालत नाही. त्यासाठी २०१९ मध्ये ‘जेमिनी’ हे उपकरण आले. ते उपग्रहावरून वादळाचे, उंच लाटांचे आणि मासळीचे संदेश होडीवर पोचवते. पण ते फक्त ऐकणारे यंत्र आहे. संकटातल्या तांडेलाला त्यावरून मदत मागता येत नाही. त्यासाठी इस्रोने विकसित केलेले संकटसूचक यंत्र वेगळे बाळगावे लागते. त्याच्या नव्या, २०२४ मधल्या आवृत्तीत हाक पोचल्याची पोचपावतीही होडीला परत मिळते.