सात वाजताचा भोंगा

वाघोलीतून बोलतोय. आजचा विषय: गेम, रील्स आणि अभ्यास.

बीटेकला असताना गेमपायी माझा एक विषय राहिला. ‘शेवटची मॅच’ म्हणता म्हणता रात्रीचे दोन वाजायचे. आता मी स्वतःच ॲप बनवतो, त्यामुळे खाचाखोचा कळतात. मॅच संपली की पुढची एका टॅपवर, रील संपली की लगेच दुसरी. थांबायची जागाच ठेवलेली नसते. फोन ठेवला तरी डोक्यात मॅच चालूच, आणि एकच गणित तीनदा वाचावं लागतं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं ही थांबायची जागा बाहेरून आणली. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हातात आलेला फोन नंतरही सुटेना. म्हणून २०२२ मध्ये गावानं ठरवलं: संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टीव्ही-मोबाइल बंद, अभ्यास सुरू. साडेआठला दुसरा भोंगा, मग मोकळीक. आणि नियम मोठ्यांनाही! आईची मालिकासुद्धा बंद.

माझा भाचा यंदा दहावीला आहे. आमच्याकडे भोंगा नाही, म्हणून सातला दोघांचेही फोन फ्रिजवर. पहिल्या दिवशी फ्रिजकडे चारदा कोण गेलं? मामा!

तुमच्या घरी आधी कोण फोन ठेवणार?