डबक्यातील भावंडे

वाराणसीचा भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधला. पावसाळ्यात गंगेचे पाणी चढू लागले की त्याच्या खालच्या पायऱ्या दिसेनाशा होतात. याच दिवसांत अशा जुन्या वस्त्यांतून, दिव्याखाली जमलेले किडे टिपण्यासाठी, एक ओबडधोबड पाठीचा प्राणी रात्री बाहेर पडतो. हा भेक, बेडकाचा कोरड्या त्वचेचा भाऊबंद. काशीपासून कोकणापर्यंत तो सर्वत्र आढळतो. त्याच्याकडे कौतुकाने मात्र कोणी पाहत नाही. परंतु या उपेक्षित प्राण्याच्या पिलांनी धारवाडच्या एका शास्त्रज्ञाला मोठ्या मोलाचे प्रश्न पुरविले.

कर्नाटक विद्यापीठाचे प्राध्यापक श्रीनिवास सैदापूर यांचे प्रारंभीचे संशोधन बेडकांच्या प्रजननचक्रावर होते. आपल्याकडचा मोठा हिरवा-पिवळा बेडूक पावसाळ्यातच अंडी घालतो. तळ्यातील पाण्यावरून टणाटण उड्या मारीत जाणारा लहान बेडूक जवळजवळ वर्षभर प्रजननक्षम असतो. एकाच प्रदेशात राहून हा फरक का? बेडकाच्या उदरात बोटांसारखे चरबीचे पिवळे पुंजके असतात. अंड्यांच्या वाढीशी त्यांचा संबंध कोणता? भारतीय पृष्ठवंशी प्राण्यांच्या प्रजननचक्रांवरील, त्यांनी संपादित केलेला ग्रंथ १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. आश्चर्य असे की, ज्या बेडकाचे विच्छेदन विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्यांनी केले, त्याचे जिवंतपणीचे वर्तन मात्र फारसे कोणी पाहिले नव्हते. त्याच्या पायांची परदेशी निर्यातही चालत असे. भारताने ती १९८७ मध्ये बंद केली.

पुढे सैदापुरांचे लक्ष भैकेरांकडे, म्हणजे बेडकांच्या व भेकांच्या शेपटीवाल्या पिलांकडे, वळले. भेकाची मादी जेलीच्या लांब दोऱ्यांत हजारो अंडी घालते. त्यांतून निघालेली काळी पिले डबक्यात दाट थव्याने फिरतात. थव्यातील सोबती सख्खे भावंड आहे की परके, हे पिलाला कळते काय? हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. आप्तांच्या लाभासाठी झीज सोसण्याची वृत्ती प्राण्यांत कशी टिकते, याचे गणित इंग्लंडमधील डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये मांडले होते. आणि भेकाची पिले भावंडांजवळ राहणे पसंत करतात, हे १९७९ मध्ये वॉल्डमन व ॲडलर यांनी अमेरिकेतील भेकांत दाखविले होते. आपल्या भेकाचे काय?

सैदापूर व एस. गिरीश यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग साधा, परंतु चोख होता. एका लांबट टाकीच्या दोन टोकांना वेगळे कप्पे केले. एकीकडे भावंडे, दुसरीकडे परकी पिले. मध्यभागी एक पिलू सोडून ते कोणत्या बाजूस अधिक वेळ घालविते, हे मोजावयाचे. दोन्ही कप्पे रिकामे असता पिले कोणत्याच बाजूला झुकत नाहीत, हे आधी पडताळून घेतले. आता खरी अडचण अशी की, एकत्र वाढलेली पिले एकमेकांना केवळ सहवासाने ओळखत असतील. म्हणून काही पिले गर्भाच्या अगदी प्रारंभीच्या अवस्थेपासून एकटी, तर काही परक्यांबरोबर वाढविली. निष्कर्ष असा निघाला की, जन्मात कधी न भेटलेल्या भावंडांकडेही पिलू ओढले जाते. डोळ्यांचा उपयोग बंद केला तरी ओळख पटते. पाण्यात मिसळणारी रासायनिक खूण बंद केली की पटत नाही. आणि ही ओढ पिलाच्या वाढीच्या सर्व काळात टिकून राहते.  

पाण्यातील हीच रासायनिक खूण संकटाचीही वार्ता आणते. मोठ्या बेडकाचे मांसाहारी पिलू जवळ आहे असे त्या खुणेने कळताच इतर जातींची पिले हालचाल कमी करून निश्चल राहतात, असे धारवाडच्या प्रयोगांत आढळले. जमिनीत पुरून राहणाऱ्या एका बेडकाच्या पिलांवर प्रसिद्ध झालेले २०११ मधील निरीक्षणही असेच बोलके आहे. पात्रातील पाणी क्रमाने कमी करीत नेले असता त्यांचे रूपांतर लवकर झाले. पावसाने ओढ दिली की डबके आटते आणि शेपूट असलेले पिलू तेथेच मरते. त्यामुळे अशा दिवसांत घाई हाच त्यांचा एकमेव बचाव असतो.

धारवाडच्या या शाखेतील एन. पी. ग्रामपुरोहित यांनी पुढे पुणे विद्यापीठात हेच काम सह्याद्रीच्या ओढ्यांवर नेले. हुमायून अब्दुलअली यांच्या नावाने १९५५ मध्ये नोंदलेला एक सुरकुतलेल्या त्वचेचा बेडूक तेथे राहतो. त्याचा नर पावसाळी रात्री पाण्यावर झुकलेल्या पानावरून साद घालतो; मादी त्या पानावर अंडी घालते, आणि पुरेशी वाढ झाली की पिले एकेक करून खालच्या वाहत्या पाण्यात टपटप पडतात.