'टाइट' टोन म्हणजे नेमकं काय?

मेटल वाजवणारे हाय-गेन अँप निवडताना म्हणतात, "हा टाइट आहे, तो मडी." शब्द कामाचे आहेत, पण ते मोजमाप नव्हे. एवढे पैसे घालण्याआधी ते तपासायचे कसे?

गिटारची सगळ्यात जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते. गेन वाढवला की अँप सिग्नलचे माथे छाटतो आणि मूळ वारंवारतेच्या पटीतल्या नव्या वारंवारता तयार होतात. दोन स्वर एकत्र वाजवले, तर त्यांच्या बेरजेच्या आणि वजाबाकीच्याही: ८२ आणि १२३ मधून ४१ हर्ट्झ. खालचा भाग असा भरला की वेगात वाजवलेले स्वर एकमेकांत मिसळतात. तोच 'मडी'. म्हणून बेस छाटणीच्या आधी कमी करतात. नंतर कमी करून तोच परिणाम मिळत नाही.

तुलना करताना गिटार आणि स्पीकर तेच ठेवा. आवाजाची पातळी सारखी करा, कारण किंचित मोठा आवाज कानाला उगाच 'चांगला' वाटतो. कोणता अँप वाजतोय, हे ऐकणाऱ्याला सांगू नका.

संशोधनातही हेच. निष्कर्षात 'चांगला' लिहिलंत, तर स्वतःला विचारा: काय दिसलं, तर हा शब्द खोटा ठरेल?