कोशाच्या दारातला कच्चा लिंबू

आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आली की लोणंदला मुक्काम पडतो. तेथून तरडगावकडे जाताना चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण होते, अश्व धावतात, आणि एरवी गंभीर दिसणारे वयस्क वारकरी फुगड्यांत व हुतूतूत रमतात. खेळाने भाषेला शब्द पुरवावेत यात आपल्याकडे नवल नाही. हमामा, हुंबरी, विटूदांडू, चेंडूफळी यांना संतांच्या अभंगांतच स्थान मिळाले आहे. 'रिंगण' हा शब्द तर निवडणुकीच्या बातम्यांनी जवळजवळ बळकावला आहे.

सातारा-सांगली हा तालमींचा मुलूख. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाचे मानकरी झाले, ते याच मातीतले. शड्डू ठोकणे, डावपेच, चीतपट, धोबीपछाड हे शब्द हौद्यातून निघाले आणि ज्याने जन्मात लंगोट कसला नाही अशा कारकुनाच्याही तोंडी बसले. साहेबाला तो चीतपट करतो. निदान मधल्या सुट्टीत तरी! क्रिकेटच्या वृत्तान्तलेखकांनी वैद्यबुवांना न विचारता तीन यष्ट्यांना त्रिफळा म्हटले, त्याला तालमीतले 'चीत' जोडले आणि 'त्रिफळाचीत' हा अस्सल मराठी शब्द घडवला. 'खो घालणे' तर शालेय व्याकरणातील वाक्प्रचारांच्या यादीत जाऊन बसले आहे.

पोरांच्या अंगणातील शब्दांचे नशीब मात्र एवढे बलवत्तर नसते. 'भिडू' मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेला आणि २०२४ मध्ये अभिनेते जॅकी श्रॉफ यांच्या याचिकेतून थेट दिल्ली उच्च न्यायालयात पोचला. हा अपवादच म्हटला पाहिजे. 'कच्चा लिंबू'चे काय?

ज्याने गल्लीत लपाछपी खेळली आहे त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. धाकटे भावंड खेळात घ्या असा घरातून हुकूम सुटतो. ते धावण्यात कमी पडणार, हे उघड असते. मग मोठी मुले त्याला कच्चा लिंबू ठरवतात. तो सर्वांबरोबर धावतो, ओरडतो, लपतो. पण बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. दुर्बळाला खेळाबाहेर न काढता त्याच्यासाठी नियमच सैल करण्याची ही व्यवस्था कोणत्याही संघटनेच्या नियमावलीत नाही. ती मुलांनी मुलांसाठी केली आहे. 'लिंबूटिंबू' या शब्दात किरकोळपणाची जी हेटाळणी आहे, ती येथे असतेच असे नाही. म्हणूनच २०१७ मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलाच्या आईवडिलांची कथा सांगणाऱ्या मराठी चित्रपटाला 'कच्चा लिंबू' हे नाव शोभले. जयवंत दळवींच्या 'ऋणानुबंध' कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारही लाभला.

आणि तरीही विद्यार्थ्याने हा शब्द निबंधात लिहिला तर तांबडी रेघ ठरलेली. 'कोशात दाखवा,' असे गुरुजी म्हणणार. पण कोणत्या कोशात? दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला, १९५० मध्ये त्याला पुरवणी जोडली गेली. त्या परिश्रमापुढे नतमस्तक व्हावे. पण त्यानंतरच्या अंगणात कोण काय बोलले, हे त्याला विचारणे अन्यायाचे होईल. शासनाच्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोश सिद्ध केले, त्यांचे काम निराळे. तेथे शब्द घडवून वरून खाली पाठवले जातात. अंगणातला शब्द उलट दिशेने चढतो आणि त्याची शिफारस करणारी एकच गोष्ट असते, लेखी पुरावा. ऑक्सफर्डच्या कोशासाठी जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये वाचकांना आवाहन केले, आणि सामान्य माणसांनी शब्द टिपून चिठ्ठ्या धाडल्या. फिरकीतला 'दूसरा' इंग्रजी कोशांत आला तोही वापराच्या बळावर. कोणाच्या अर्जावर नव्हे.

असे टिपणे लोणंदच्या एखाद्या शाळेलाही अवघड नाही. वारीच्या दिवसांत मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथील माणसे गावात उतरलेली असतात. तुमच्याकडे अशा पोराला काय म्हणतात, एवढे विचारायचे आणि कागदावर शब्द, अर्थ, गाव, तारीख व बोलणाऱ्याचे वाक्य लिहून ठेवायचे. एक भांडण तेवढे आधीच ठाऊक असू द्यावे. लिंबू 'ते', की 'तो'? व्याकरणाचे शिक्षक 'कच्चे लिंबू' हाच शुद्ध पाठ म्हणतील. मुले मात्र मुलगी असली तरी तिला 'कच्चा लिंबू'च म्हणतात. चिठ्ठीवर मुलांचे म्हणणे लिहावे आणि गुरुजींचा आक्षेप कंसात घ्यावा.