विश्लेषण : ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ हे कोडे कसे सोडवायचे?

विज्ञानकथा वाचताना अनेकांची गाडी शेवटच्या काही पानांवर अडते. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’बाबत तर हे हमखास घडते. ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने ही कथा एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकातही आहे. (पुढे रहस्य उघड केले आहे. कथा वाचली नसेल तर आधी ती वाचावी.)

कथेत काय घडते?

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर वेगळ्याच मुंबईत पोहोचतात. तिथे ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्यालय दिमाखात उभे आहे. स्वतःचा मुलगा मात्र सापडत नाही. ग्रंथालयात पुस्तके चाळताना उलगडा होतो. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी या जगात कानाजवळून निघून गेली आणि पानिपत मराठ्यांनी जिंकले!

खरे कोडे कुठे आहे?

पंत परत येतात तेव्हा हा सगळा भास होता, असे म्हणून मोकळे होता येते. पण त्यांच्या खिशात बखरीचे फाटके पान निघते आणि त्यावर गोळी हुकल्याचे लिहिलेले असते. आता भास म्हणणाऱ्याची पंचाईत होते. मित्र राजेंद्र देशपांडे दोन सिद्धांत पुढे करतो. एक कॅटॅस्ट्रॉफी सिद्धांत : निर्णायक क्षणी छोटासा फरकही परिणाम पार उलटवतो. गोळीचे काही इंचांचे अंतर म्हणजे तोच क्षण. दुसरा पुंजभौतिकीचा : इलेक्ट्रॉन कुठे सापडेल हे आधी नक्की सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येतात. त्या सगळ्या शक्यता वेगवेगळ्या विश्वांत प्रत्यक्षात येत असतील तर?

हे विज्ञान की कल्पना?

ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये मांडलेली बहुविश्वांची कल्पना भौतिकशास्त्रात गांभीर्याने चर्चिली जाते. मात्र एका विश्वातून दुसऱ्यात जाण्याची सोय त्यात नाही. फाटके पान ही लेखकाने घेतलेली सूट आहे. कथेची सगळी गंमतही तिथेच आहे, कारण त्या पानामुळेच ‘खरे’ कशाला म्हणायचे, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न वाचकाच्या हातात येतो.

कोडी घालणे ही नारळीकरांची जुनी सवय. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली होती. आद्याक्षरे उलटी वाचून पाहा.