रिवॉर्ड क्रेडिट कार्ड

कार्डाने केलेल्या खर्चाचा काही अंश रोख परतावा, गुण किंवा सवलत या रूपाने कार्डधारकास परत देणाऱ्या क्रेडिट कार्डास रिवॉर्ड क्रेडिट कार्ड असे म्हणतात. भारतात वारंवार ऑनलाइन खरेदी करणाऱ्यांसाठी अशी अनेक कार्डे उपलब्ध आहेत. जाहिरातीतील टक्केवारी आणि वर्षअखेर प्रत्यक्ष हाती येणारी रक्कम यांत बरेच अंतर पडू शकते, त्यामुळे या कार्डांची तुलना केवळ टक्केवारीवरून करता येत नाही.

पार्श्वभूमी

खर्चावर रोख परतावा देण्याची पद्धत अमेरिकेत सीअर्स या कंपनीने १९८६ मध्ये आणलेल्या डिस्कव्हर कार्डामुळे रूढ झाली. भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये सेंट्रल कार्ड काढले होते. मात्र ऑनलाइन खरेदीदार डोळ्यांसमोर ठेवून काढलेली आजची प्रसिद्ध कार्डे अलीकडची आहेत. ॲमेझॉन पे आयसीआयसीआय कार्ड २०१८ मध्ये, फ्लिपकार्ट ॲक्सिस बँक कार्ड २०१९ मध्ये आणि कॅशबॅक एसबीआय कार्ड २०२२ मध्ये बाजारात आले.

परताव्याचा पैसा

कार्डाने पैसे स्वीकारणारा विक्रेता प्रत्येक व्यवहारामागे शुल्क भरतो आणि त्याचा मोठा भाग कार्ड देणाऱ्या बँकेस मिळतो. हे शुल्क साधारणतः दीड-दोन टक्क्यांच्या आसपास असल्याने त्यातून ५ टक्के परतावा भागत नाही. उरलेला भार संकेतस्थळाची कंपनी आपल्या विक्रीवाढीसाठी उचलते, किंवा वार्षिक शुल्क, विलंब शुल्क आणि व्याज यांतून तो भरून निघतो. थोडक्यात, वेळेवर पूर्ण बिल भरणाऱ्याचा परतावा काही अंशी थकबाकीदाराच्या व्याजातून येतो.

तुलना

ही कार्डे ढोबळमानाने दोन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारात एकाच संकेतस्थळावर जास्त परतावा असतो. उदाहरणार्थ, ॲमेझॉनच्या कार्डास वार्षिक शुल्क नाही; ॲमेझॉनवरील खरेदीवर प्राइम सदस्यास ५ टक्के, इतरांस ३ टक्के आणि अन्यत्र बहुतेक खर्चावर १ टक्का अशी त्याची रचना आहे. दुसऱ्या प्रकारात संकेतस्थळाचे बंधन नसते. कॅशबॅक एसबीआय कार्ड बहुतेक ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के परतावा या तत्त्वावर निघाले. त्याचे वार्षिक शुल्क ९९९ रुपये, म्हणजे १८ टक्के वस्तू व सेवा करासह सुमारे १,१७९ रुपये.

दरमहा ८,००० रुपयांची ऑनलाइन खरेदी करणारे कुटुंब वर्षात ९६,००० रुपये खर्च करते. ही सर्व खरेदी एकाच संकेतस्थळावर असेल आणि प्राइम सदस्यत्व आधीपासूनच असेल, तर शुल्कविरहित कार्डावर ४,८०० रुपये परत मिळतात. निम्मी खरेदी अन्यत्र असल्यास हाच आकडा २,८८० रुपयांवर येतो. बंधन नसलेल्या कार्डावर मात्र शुल्क वजा जाता ३,६२१ रुपये उरतात. खरेदी दरमहा २,००० रुपयांचीच असेल, तर वार्षिक परतावा १,२०० रुपये होतो आणि शुल्क भरल्यावर जेमतेम २१ रुपये शिल्लक राहतात. केवळ कार्डासाठी प्राइम सदस्यत्व घेतल्यास तोही खर्च हिशेबात धरावा लागतो.

गुण देणाऱ्या कार्डांचा हिशेब आणखी फसवा असतो, कारण गुणाची किंमत एक रुपया असेलच असे नाही. १०० रुपयांमागे ‘दसपट’ म्हणजे १० गुण मिळत असतील आणि एका गुणाची किंमत २५ पैसे असेल, तर परतावा अडीच टक्केच होतो. गुण वटवताना काही बँका वेगळे शुल्क घेतात आणि गुणांस मुदतही असू शकते.

मर्यादा व वगळलेले खर्च

इंधन, घरभाडे, वॉलेटमध्ये रक्कम भरणे, सोने आणि हप्त्यांवरील खरेदी हे खर्च अनेक कार्डांवर परताव्यातून वगळलेले असतात. शिवाय परताव्यावर कमाल मर्यादा असते आणि बँका ती बदलू शकतात. कॅशबॅक एसबीआय कार्डावरील दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा २०२३ मध्ये ५,००० रुपयांवर आणली गेली. कार्ड घेताना वाचलेल्या अटी वर्षभराने पुन्हा पाहाव्या लागतात त्या यामुळेच.

व्याजाचा परिणाम

थकीत रकमेवरील व्याज बहुधा दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांहून अधिक असते. ४०,००० रुपयांच्या बिलावर ५ टक्क्यांनी २,००० रुपये परतावा मिळाला, पण किमान देय म्हणून केवळ २,००० रुपयेच भरले, असे समजू. उरलेल्या ३८,००० रुपयांवर एका महिन्याचे व्याज १,३३० रुपये आणि त्यावरील कर सुमारे २३९ रुपये होतो. बिल पूर्ण न भरल्यास व्याज सामान्यतः खरेदीच्या तारखेपासून मोजले जाते आणि नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही थांबते. त्यामुळे परताव्याची रक्कम दोन महिनेही पुरत नाही. किमान देय भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही. नवख्या कार्डधारकांचा सर्वाधिक गोंधळ येथेच होतो.

नियमन

भारतीय रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट व डेबिट कार्डांविषयीचे निर्देश १ जुलै २०२२ पासून लागू झाले. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने लांबते, असा इशारा बिलावर देणे त्यांनुसार बंधनकारक ठरले. मागणी न करता कार्ड देण्यास मनाई करण्यात आली. सर्व देणी फेडलेल्या ग्राहकाने कार्ड बंद करण्याची विनंती केल्यास बँकेने ती कामकाजाच्या सात दिवसांत पूर्ण करावयाची असते, अन्यथा विलंबाच्या प्रत्येक दिवसामागे ५०० रुपये दंड ग्राहकास द्यावा लागतो. कार्ड बंद होताना न वटवलेले गुण बहुतेक योजनांत रद्द होतात, म्हणून ते विनंतीपूर्वी वापरून घेणे इष्ट असते.